एकोणीस थाऊची फट

ठाणे स्टेशनातून पूर्वेला उतरून मिठागरांच्या दिशेनं चालू लागलं की कोपरीत डाव्या हाताला एक कौलारू घर लागायचं. १९५० च्या मे महिन्यात लग्न होऊन प्रमोदिनी टिपणीस या घरात आल्या. माहेर कल्याणचं, पारनाक्यावरचं. वडील कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदार. बाई गणित घेऊन बी.ए. झालेल्या आणि लग्नाआधीपासूनच ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. सासर ठाण्यातलंच मिळालं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, कारण नोकरी सोडावी लागणार नव्हती. यजमान मधुकरराव गावातल्याच एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात, असिस्टंट मास्तर होते. सासूसासरे पेणला. घरात माणसं दोनच.

ही सगळी हकीकत त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी, वेगवेगळ्या वेळी सांगितली. मी ती सलग लावून सांगतो आहे, एवढंच.

घराला लागून बैलगाडी ठेवायची एक जुनी खोपी होती. तिच्यात बैलगाडीऐवजी गडद हिरव्या रंगाची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी उभी असे. दोनच माणसं बसतील अशी, कापडी टपाची, लांब नाकाची, पाठीवर जादा चाक अडकवलेली. गिरणीतला इंग्रज मॅनेजर सत्तेचाळीस साली मायदेशी परतला तेव्हा त्यानं ती मधुकररावांना अगदी स्वस्तात देऊन टाकली. गिरणीत त्या इंजिनात हात घालायला तेवढे एकच धजत, आणि गाडी कुणा अडाण्याच्या हाती पडू नये असं साहेबाला वाटत होतं.

लग्नानंतरचे पहिले काही रविवार प्रमोदिनीबाईंना जरा चमत्कारिक गेले. सकाळचा चहा झाला की मधुकरराव जुनी खाकी पँट चढवून खोपीत जात ते जेवायलाच परत येत. बाई ओसरीच्या पायरीवर वह्या तपासत बसत, कारण तिथे उजेड चांगला होता. एका रविवारी आतून हाक आली. दर रविवारी गाडीच्या नाकात हँडल घालून इंजिन फिरवायला येणारा गिरणीतला माणूस आज आला नव्हता. त्यांनी जरा हँडल फिरवून दिलं तर बरं होईल, असं मधुकररावांनी संकोचानंच विचारलं. बाईंनी पदर खोचला आणि खोपीत गेल्या.

बॉनेटची एक बाजू वर उचललेली होती. इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट झाकण काढून बाजूला ठेवलेलं. आत तेलानं चकचकणारे आठ लोखंडी हात एका दांड्यावर ओळीनं बसलेले. मधुकररावांनी सांगितलं, हे रॉकर. प्रत्येक रॉकर एकेका व्हॉल्व्हच्या शेंडीवर टोचतो आणि तो उघडतो. रॉकर आणि शेंडी यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. लोखंड गरम झालं की वाढतं, फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. फट जास्त झाली तर टकटक वाजतं. ही फट बेतशीर ठेवणं म्हणजेच टॅपेट सेट करणं. या गाडीला ती एकोणीस थाऊ लागते, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले एकोणीस. त्यांनी एका पितळी खोळीतून पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा काढून दाखवला. त्याला ते फिलर म्हणत. प्रत्येक पात्यावर जाडीचा आकडा कोरलेला होता.

बाई हँडल हळूहळू फिरवत आणि मधुकरराव मधूनमधून थांबवून गाडीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाकडे बघत. तिथे साहेबानं पेन्सिलीनं एक यादी लिहून ठेवली होती. आठवा पूर्ण उघडला असेल तेव्हा पहिला सेट कर, सहावा उघडला असेल तेव्हा तिसरा, असं आठही ओळींत. मधुकरराव तीन वर्षं ती यादी बघून काम करत होते. बाईंनी दोनदा हँडल थांबवलं, दोनदा यादीकडे मान वळवली आणि म्हणाल्या की यादी कशाला हवी, जो उघडला आहे तो नऊमधून वजा करायचा.

मधुकररावांनी पाना खाली ठेवला. मनातल्या मनात आठही ओळी तपासल्या. मग ते इतके हसले की शेजारच्या घरातली शालू काय झालं म्हणून कुंपणाशी आली. पुढचा महिनाभर ते गिरणीत ज्याला त्याला सांगत होते की साहेबाला आठ ओळी लागल्या, माझ्या बायकोनं एका ओळीत काम केलं. बाई मला म्हणाल्या की लग्न खरं त्या दिवशी लागलं.

तेव्हापासून रविवारी हँडल त्यांच्याकडे आलं. दर रविवारी टॅपेट काढावे लागतात असं मुळीच नाही. पण कधी प्लग, कधी कार्बोरेटर, काहीतरी निघायचंच. दोघं काम करता करता बोलत. शाळेतली राजकारणं, गिरणीतले साचे, पेणहून आलेलं पत्र. दुपारी वालाचं बिरडं आणि भात खाऊन गाडी काढायची आणि कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, असा क्रम तीनेक वर्षं चालला.

मधुकररावांना आपल्या कानाचा फार अभिमान होता. हळूहळू त्यांनी फिलर वापरणं सोडलं. इंजिन चालू ठेवायचं, लाकडी मुठीच्या पेचकसाचं टोक झाकणावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठला टॅपेट बोलतो आहे ते ओळखायचं. मग टकटक बंद होईपर्यंत स्क्रू आवळायचा. पाती बितीची गरज शिकाऊ माणसाला, असं ते म्हणत.

त्रेपन्न साली पावसाळ्यानंतर बाईंच्या लक्षात आलं की गाडी पूर्वीपेक्षा जास्त वाजते. आधी वाटलं, जुनी होत चालली. पण एका रविवारी मधुकररावांनी काम आटोपून झाकण बसवलं, इंजिन चालू केलं, पेचकस कानाला लावला आणि समाधानानं मान हलवली. अगदी गप्प झाली, ते म्हणाले. बाई त्यांच्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांना टकटक स्पष्ट ऐकू येत होती, शिवणयंत्र जोरात चालवावं तशी.

त्यांनी हँडल उचलून जागेवर ठेवलं. पण त्यानंतर इतर गोष्टी आपोआप दिसू लागल्या. पाठमोरे असताना हाक मारली तर मधुकरराव वळत नसत. बाईंच्या बोलण्यावर ते आधी हसत आणि मग भलतंच उत्तर देत. शेजाऱ्यांकडे रेडिओवर बातम्या लागल्या की हे खिडकीजवळ सरकून बसत. साचेखात्यात शेकडो माग एकाच वेळी धडधडतात, तिथे माणसं ओठांच्या हालचालींवरून बोलतात, हे बाईंना माहीत होतं. बारा वर्षं ते त्या आवाजात होते. घरी ते बाईंच्या तोंडाकडे बघून बोलतात हे त्यांना लग्न झाल्यापासून फार आवडत आलं होतं. आता त्याचं कारण वेगळं असेल असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

ही गोष्ट तोंडावर बोलून दाखवली ती गोमाजीनं. गोमाजी चेंदणी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा मासेमार. त्याची बायको जनी टोपली घेऊन फिरायची. पण टिपणिसांकडे कोलंबी द्यायला गोमाजी स्वतः येई, कारण त्याला गाडी बघायची असे. चौपन्नच्या दिवाळीनंतर एका शनिवारी संध्याकाळी तो आला तेव्हा मधुकरराव नुकतेच गाडी घेऊन रेल्वे फाटकाकडे गेले होते. आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. गोमाजीनं टोपली खाली ठेवली.

"मास्तरला आयकाला कमी येतं काय गो, बाय?" त्यानं विचारलं. "सगला कोलीवारा बोलतो, गारी खुलखुलते. मास्तरला कसा कलत नाय?"

बाईंनी कोलंबी मोजून घेतली आणि आत गेल्या. पण लोक बोलतात हे त्यांना लागलं. मधुकररावांना ऐकू येत नाही याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं लोक त्यांना हसतात याचं वाटलं. गाडी गप्प झाली तर निदान ते तरी थांबेल, असं त्यांना वाटलं.

शाळा शनिवारी अर्धा दिवस असे आणि मधुकरराव पाचला घरी येत. पुढच्या शनिवारी बाईंनी खोपीचं दार आतून लावून घेतलं. प्लग काढून ठेवले, म्हणजे हँडल हलकं फिरतं. झाकण काढलं. नऊमधून वजा करत, एकट्यानं हँडल फिरवत आणि परत इंजिनाशी येत त्यांनी आठही फटी फिलरनं मोजल्या. कुठे तीस, कुठे पस्तीस. त्यांनी सगळ्या एकोणीसवर आणल्या. प्लग बसवून इंजिन चालू केलं. आवाज खूप कमी झाला होता. पण अगदी बारीक टिकटिक राहिली होती, आणि ती राहायचीच. पुस्तकातही तसं लिहिलं होतं.

इथे त्यांच्या हातून चूक झाली. त्यांना बारीक आवाजही नको होता. त्यांनी इंजिन गार होऊ दिलं आणि पुन्हा उघडलं. एकोणीसचं पातं ठेवून बाराचं घेतलं, मग आठाचं. शेवटी चाराचं. जुडग्यातल्या सर्वांत पातळ पात्यांपैकी ते एक. पुन्हा चालू केलं तेव्हा गाडी नव्या घड्याळासारखी झाली होती. फळ्यावर एक आकडा इकडचा तिकडे झाला तर मुलीला उभं करणारी मी, बाई मला म्हणाल्या, आणि मी स्वतः आकडा सोडून दिला.

मधुकररावांना काही कळलं नाही. कोळीवाडा गप्प झाला. चार-पाच आठवडे बाई खुशीत होत्या.

चौपन्नच्या डिसेंबरात कल्याणला बाईंच्या वडिलांची साठीशांत होती. दोघं सकाळी लवकर निघाले. थंडी होती, तरी टप खाली केला होता. बाईंनी डोक्याला स्कार्फ बांधला होता आणि मांडीवर निनाव्याचा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या गोड वड्यांचा, डबा धरला होता. कशेळीचा पूल ओलांडला, भिवंडी मागे पडली. पुढे एक साधासा चढ आहे. त्या चढावर गाडीनं दम सोडला. इंजिन अडखळू लागलं, मागच्या नळीतून फट् फट् असा आवाज यायला लागला. मिसिंग मारतेय, मधुकरराव म्हणाले. त्यांना ते हादऱ्यांवरून कळलं होतं. गाडी चिंचेखाली घेऊन ते उतरले.

चार सिलिंडरांपैकी एक काम करत नाही हे उघड होतं. कोणता, ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. ज्याची काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. मधुकररावांनी कोरडा रुमाल हाताला गुंडाळला आणि एकामागून एक चारही वायरी काढून परत लावल्या. मग म्हणाले, दुसरा.

बाईंनी ऐकलं होतं. दुसऱ्याची वायर काढल्यावर इंजिन बंदच पडायला आलं होतं. तिसऱ्याला काहीच फरक पडला नव्हता.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

मधुकररावांनी पुन्हा चारही वायरी काढून बघितल्या. या वेळी ते कान जवळ नेऊन, डोळे मिटून ऐकत होते. रस्त्यानं एक ट्रक गेला. तो दूर जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, दुसराच आहे.

"तिसरा आहे. अहो, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

बाई हे जरा मोठ्यानंच बोलल्या होत्या, त्यामुळे ते त्यांना नीट ऐकू गेलं. त्यांनी इंजिन बंद केलं. रुमालाची घडी घातली. मग रस्त्याच्या कडेला जाऊन शेताकडे तोंड करून उभे राहिले. भात कापून झालं होतं, नुसते खुंट उभे होते. बाई डबा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं ते परत आले आणि मडगार्डला टेकून उभे राहिले.

"किती दिवस झाले?"

"मला कळून वर्ष झालं. त्याआधीपासूनही असेल."

"मला वाटायचं, शाळेत बोलून दमतेस म्हणून घरी हळू बोलतेस," ते म्हणाले. "मी मुद्दाम फारसं विचारत नव्हतो. म्हटलं, कशाला त्रास द्या."

त्यावर बाईंना रडू आलं. आणि एकदा रडू आल्यावर दुसरी गोष्टही सांगून टाकली. गाडी खूप वाजत होती, लोक हसत होते, म्हणून शनिवारी दार लावून टॅपेट मीच आवळले. मधुकररावांनी किती ठेवले विचारलं. चार, त्या म्हणाल्या. गार इंजिनावर? हो. मग त्यांना सगळं समजलं. इंजिन तापल्यावर फट उरतच नव्हती. तिसऱ्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह मिटत नव्हता, आणि आगीची धग खाऊन त्याची कड जळाली होती. गाडी वाजत होती तेव्हा तिला काही होत नव्हतं. गप्प केली आणि जळाली.

बाई बोलणी खायच्या तयारीत होत्या. मधुकररावांनी नुसतं चार, चार असं दोनदा म्हटलं, जसं वर्गात एखाद्या हुशार मुलीनं चुकीचं उत्तर दिलं की त्या स्वतः म्हणत. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"कसं सांगायचं ते सुचलं नाही."

"हं," ते म्हणाले. "मलाही सुचलं नसतं."

तीन सिलिंडरांवर गाडी कशीबशी दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणात पोचली. साठीशांत झाली, जेवणं झाली. गाडी वडिलांच्या अंगणात राहिली आणि टिपणीस पतिपत्नी आगगाडीनं परत आले.

पुढचे दोन महिने त्यांचे सगळे रविवार कल्याणला गेले. मधुकररावांनी इंजिनाचं हेड उतरवलं. जळालेला व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला होता. तो त्यांनी बाईंच्या हातात दिला, रागानं नाही, बघायला म्हणून. नवा व्हॉल्व्ह मुंबईहून आणला. व्हॉल्व्ह बसतो ती जागाही खराब झाली होती. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमध्ये पंढरी नावाचा एक फिटर होता. त्याच्याकडे ती जागा कापून साफ करायचं हत्यार होतं. हेड गोणपाटात बांधून टांग्यानं त्याच्या घरी नेलं. पंढरीनं काम चोख केलं आणि चहा पाजला. मग आठही व्हॉल्व्ह करडी पेस्ट लावून आपापल्या जागी घासायचे होते. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत दांडी घुसळायची, ताक घुसळतात तशी. हे काम बाईंनी केलं. वडील खुर्ची टाकून बघत बसत. मुलीला बी.ए. केलं ते यासाठी, असं एकदा म्हणाले, पण सूर चांगला होता.

मधल्या काळात मधुकरराव मुंबईला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं की मागांच्या आवाजानं आतली नस दुबळी झाली आहे. बारीक, उंच आवाज आधी जातात. गेलेलं परत येणार नाही, पण त्या आवाजातून बाहेर पडलात तर आहे ते टिकेल. हे ऐकून आल्यावर मधुकरराव चार दिवस तसेच साचेखात्यात जात राहिले. मग त्यांनी गिरणीत अर्ज केला आणि साचेखातं सोडून तयार कापड तपासायच्या खात्यात बदली मागून घेतली. तिथे शांतता होती. त्यांना ती पहिल्या पहिल्यांदा सोसेना. माग चालत नाहीत म्हणजे काहीतरी बिघडलं आहे असं वाटून ते मधेच उठून उभे राहत.

हेड परत बसवायचा रविवार आला. हेड बसवून, फटी तात्पुरत्या अंदाजानं ठेवून इंजिन चालू केलं आणि चांगलं तापू दिलं. आता टॅपेट सेट करायचे. मधुकररावांनी पितळी खोळ बाईंच्या हातात दिली आणि स्वतः पुढे जाऊन हँडल धरलं.

बाई म्हणाल्या की मला भीती वाटते.

"आकडा पुस्तकात आहे," ते म्हणाले. "नऊमधून वजा करायला मला येतं. मी फिरवतो."

गरम इंजिनावर हे काम झटपट करावं लागतं. बाईंची बोटं भाजली. शिवाय त्यांना एक अडचण सारखी येत होती. पातं फटीत बरोबर सरकत असे, पण स्क्रूवरचा नट आवळला की स्क्रूही जरासा फिरे आणि फट कमी होई. मधुकरराव हँडल सोडून आले आणि त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवून दाखवलं. नट आवळायच्या आधी स्क्रू केसभर मागे घ्यायचा, म्हणजे आवळताना तो बरोबर जागेवर येतो. हे पुस्तकात नव्हतं. आठही झाल्यावर इंजिन चालू केलं. बाई ऐकत होत्या. मधुकररावांनी आपला उजवा पंजा झाकणावर पसरून ठेवला.  मग बाईंनी सांगितलं की आठही सारखे वाजताहेत, बारीक. मधुकरराव म्हणाले, हो, हाताला तसंच लागतंय.

त्यानंतर ही विभागणीच पडून गेली. ऐकायचं बाईंनी, मोजायचं बाईंनी, आणि अडलं की हात मधुकररावांचे. मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्यांना ऐकू येत नाहीत हे लक्षात आल्यावर पंचावन्न साली बाईंनी लायसन्स काढलं. पाचवारी साडी नेसून, स्कार्फ बांधून स्पोर्ट्स गाडी चालवणाऱ्या शिक्षिका त्या काळात ठाण्यात दुसऱ्या नव्हत्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एकदा बोलावून हे शोभतं का असं सौम्यपणे विचारलं. बाईंनी सांगितलं की यजमानांना ऐकू येत नाही, गाडी मीच चालवते. त्यावर मुख्याध्यापिकांनी पुन्हा काही विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात एकदा बाईंकडून लिफ्टही घेतली.

घरी मोठ्यानं बोलायची सवय लागली ती वर्गातही राहिली. मागच्या बाकावरच्या मुलींचं गणित त्या वर्षी सुधारलं, असं त्यांची एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती. खरं-खोटं मला ठाऊक नाही.

अठ्ठावन्न साली गोमाजीनं आपल्या होडीला जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं. चेंदणीत तेव्हा इंजिनाच्या होड्या फार नव्हत्या. दोनेक महिन्यांत ते धूर ओकायला आणि ठोकायला लागलं. ज्यानं बसवून दिलं तो माणूस येतो येतो म्हणत होता आणि येत नव्हता. गोमाजी एका रविवारी सकाळी टिपणिसांच्या दारात आला. या वेळी हातात टोपली नव्हती. मास्तरांशी काम आहे असं म्हणाला, आणि मग बाईंकडे बघून म्हणाला, "तू पन चल गो. आयकाचा काम हाय."

दोघं त्याच्याबरोबर बंदरावर गेले. भरती होती. होडी धक्क्याला लागलेली. जनीनं धक्क्यावरून हात देऊन बाईंना आत उतरवलं. चार-सहा कोळणी जाळी नीट करायची थांबवून बघत होत्या. इंजिन चालू केलं. बाईंनी ऐकलं, पण हे त्यांच्या ओळखीचं इंजिन नव्हतं. आवाज जाडा होता, होडीच्या लाकडातून सगळीकडून घुमत येत होता. कुठून काय वाजतं ते त्यांना उमगेना. त्यांनी तसं मोकळेपणानं सांगितलं.

तेव्हा मधुकरराव खाली वाकले. जाडा आवाज त्यांना अजून ऐकू येई. शिवाय ते लाकडावर तळवे टेकवून, एक एक फळी चाचपत पुढे गेले. इंजिनाच्या पायाशी थांबले. टॅपेटचं दुखणं होतंच, पण मुख्य दुखणं दुसरं होतं. इंजिन ज्या बोल्टांनी होडीत आवळलं होतं त्यांतला एक ढिला झाला होता आणि सगळं यंत्र त्यावर आपटत होतं. गोमाजीनं पाना आणला. बोल्ट आवळला. मग इंजिनावरच्या पत्र्याच्या पट्टीवर जो आकडा ठोकला होता त्याप्रमाणे बाईंनी व्हॉल्व्हच्या फटी ठेवून दिल्या. गोमाजी हँडल फिरवत होता आणि दर खेपेला किती झाले म्हणून विचारत होता.

काम संपल्यावर गोमाजी म्हणाला, आता बसा, फिरवून आणतो. मधुकरराव चालत्या होडीत कधी बसले नव्हते. पेणचा माणूस आणि पाण्याची भीती, असं बाई त्यांना चिडवत असत. त्या दिवशी ते बसले. होडी खाडीतून रेल्वेच्या पुलाकडे निघाली. ऊन फार नव्हतं. काठावर खारफुटीत बगळे बसले होते. गोमाजी सुकाणूजवळ उभा राहून मुलाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होता आणि मधुकरराव त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होते. पुलाखालून जाताना वरून मालगाडी गेली. डबे मोजायला लागा, मधुकरराव म्हणाले, आणि तिघंही माना वर करून मोजू लागले. बाईंचे बेचाळीस झाले, गोमाजीचे चाळीस. त्यावर परतीच्या वाटेवर बराच वेळ वाद चालला.